वळचण

हल शहरात, हेसल रोडच्या मागे,
मासळीचं गोदाम पाडल्यावर जिथे नुसतं गवत माजलं होतं,
तिथे आम्ही धुण्याचं घर बांधणार होतो.
सहा यंत्रं, एक लांब टेबल, चहाची किटली,
आणि माळ्यावर एक खोली,
भाड्याच्या नोटिसा समजावून सांगणाऱ्या बाईसाठी.

पहिल्या सभेला मी पुठ्ठ्याचं मॉडेल नेलं.
शिलाननं छप्पर उचललं, आत डोकावली, म्हणाली,
दार ढकलायचं की ओढायचं?
कडेवर पोर, काखेत बोचकं,
ओढू कशानं?
मी वहीत लिहिलं: दार. कोपरानं.
सहा वर्षांच्या शिक्षणात
कोपर हे माप मला कुणी दिलं नव्हतं.

ग्राझिनाला टेबलासमोर खिडकी हवी होती.
भिंतीकडे तोंड करून
हॉटेलाच्या चादरी तिनं अकरा वर्षं घड्या केल्या होत्या.

आणि स्टॅदर्स.
तो सभेला यायचा, पण आत यायचा नाही.
चर्चच्या हॉलबाहेर सिगारेट वळत उभा,
दार फटीएवढं उघडं,
तेवढ्यातून सगळं ऐकत.
बायको गेल्यापासून दर गुरुवारी
दोन शर्ट आणि एक टॉवेल मोरीत धुतो,
हे मला शिलाननं सांगितलं. त्यानं नाही.

त्याच्यासाठी मी छप्पर भिंतीच्या पुढे काढलं, चार फूट.
खर्च तपासणाऱ्यानं लाल पेनानं त्याचा एक फूट केला.
कशासाठी हे? त्यानं विचारलं.
वळचण, मी म्हणाले, मराठीतच,
आणि मग इंग्रजीत लांबण लावली:
ज्याला आत यायचं नाही
आणि निघूनही जायचं नाही, त्याची जागा.
गारगोटीला रेशनच्या दुकानाबाहेर
रॉकेलचा डबा पायांत धरून
मी जिथे दुपारच्या दुपार काढल्या, ती.
तो सभ्य माणूस होता. म्हणाला,
माझ्या तक्त्यात याला रकाना नाही.

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात.
ही म्हण आढ्याखाली बसलेल्यांनीच केली असणार.

दर्शनी भिंतीच्या निळ्या फरशा आम्ही सोडल्या.
फोटोत छान दिसल्या असत्या.
तीन फूट परत मिळाले.

नकाशा हॉलच्या दारावर बाहेरून चिकटवला.
स्टॅदर्सनं तो बराच वेळ पाहिला,
जसा कुणी आभाळ पाहतो, जाळं टाकण्याआधी.
मग म्हणाला, पोरी, इथला पाऊस वरून पडत नाही.
खाडीवरून आडवा येतो.
माझी पेन्सिल घेतली.
दोन बोटं न वळणाऱ्या त्या हातानं
नैऋत्येला एक रेघ ओढली, खांद्याएवढी भिंत, जराशी वाकलेली.

घरी जाऊन मी ती पट्टीनं सरळ केली.
पुढच्या वादळात जागेवर प्लायवुड धरून उभे राहिलो, तो आणि मी.
सरळ धरलं तर वारा कडेनं वळून
थेट कॉलरमध्ये.
तो काही बोलला नाही.
मी प्लायवुड वाकवलं.

नोव्हेंबरात गेले, राहिलेल्या कामांची यादी करायला.
पन्हळ गळत होती. लिहिलं.
माळ्यावरची खोली कुलूपबंद, त्या बाईचा पगार अजून मंजूर नाही.
हे कुठल्या यादीत लिहायचं, कळलं नाही.

वाकड्या भिंतीच्या आड स्टॅदर्स, कोरडा,
पायांशी रिकामी पिशवी.
आत कुठलं तरी यंत्र शेवटचे गरगर फेरे घेत होतं.
ग्राझिनानं खिडकीतून त्याला दोन बोटं दाखवली: दोन मिनिटं.
त्यानं मान हलवली.
आत ये असं कुणी म्हणालं नाही.

मग दार उघडलं.
आधी दिसलं शिलानचं कोपर,
मागोमाग दोन शर्ट, एक टॉवेल,
वाफाळलेले, घडी घातलेले.
तुझी पन्हळ गळतेय, तो मला म्हणाला.